धुरावलेली काळी बिअर: खराब झाली आहे का, आणि उरलेली बाटली कशी चाखावी?

प्रश्न थोडक्यात असा. भाच्याने जर्मनीहून येताना एका छोट्या ब्रुअरीच्या स्मोक्ड पोर्टरच्या, म्हणजे धुरावलेल्या काळ्या बिअरच्या, दोन बाटल्या आणल्या. ५०० मिली, अल्कोहोल ७.४ टक्के. मे महिन्यात सोलापुरात दोन आठवडे त्या कपाटात पडून होत्या. मग एक बाटली दोन तास फ्रीझरमध्ये ठेवली, मोठ्या मगमध्ये ओतली आणि शेंगदाण्याची चटणी, चिवडा घेऊन तिघांनी प्यायली. नाकात धूर, तोंडात जळकं लाकूड आणि कडवटपणा, फेस मिनिटभरात गायब, शेवटच्या ओतण्यात गढूळ गाळ. सोबतच्या एकाने निकाल दिला: ‘औषधासारखी लागतेय, खराब झालीय.’ आता दुसरी बाटली टाकायची की चाखायची, आणि चाखायची तर कशी?

टाकू नका. पाचपैकी तीन तक्रारी बाटलीच्या नाहीतच, त्या फ्रीझर, मग आणि चटणीच्या आहेत. धूर मुद्दाम घातलेला आहे. ‘औषधासारखी’ ही एकच तक्रार नीट तपासण्यासारखी आहे, तिच्याकडे खाली येतो. मात्र बाटली कपाटात असेल तर हे वाचायच्या आधी उठून फ्रिजमध्ये ठेवा, उभी, आणि दाराच्या कप्प्यात नको, कारण तिथे दर उघडझापीला गरम हवेचा झोत लागतो.

आता धूर. बिअरचं मूळ धान्य जव. ते भिजवून मोड आणतात आणि मोड ठरावीक लांबीचा झाला की वाळवून थांबवतात, त्याला माल्ट म्हणायचं. हे वाळवणं पूर्वी लाकडाच्या जाळावर व्हायचं, म्हणजे त्या काळच्या बऱ्याच बिअरला कमी-जास्त धूर असायचाच. पुढे धूर बाहेर ठेवून गरम हवेने वाळवणाऱ्या भट्ट्या आल्या आणि धूर मागे पडला. जर्मनीतल्या बाम्बर्ग गावात तो टिकला. श्लेंकेर्ला आणि श्पेत्सिआल या दोन ब्रुअऱ्या तिथे आजही स्वतःचा माल्ट बीच लाकडाच्या धुरावर वाळवतात. त्याच गावातली १८७९ सालची वायरमान ही माल्ट बनवणारी कंपनी असा धुरावलेला माल्ट जगभर विकते, त्यामुळे कुठल्याही देशातल्या छोट्या ब्रुअरीला धुराची बिअर काढता येते. छोट्या क्राफ्ट ब्रुअऱ्यांमध्ये धूर आणि काळी पोर्टर ही जोडी रुजवण्यात अमेरिकेतल्या अलास्कन ब्रुइंग या ब्रुअरीचा मोठा वाटा आहे. त्यांची स्मोक्ड पोर्टर १९८८ मध्ये आली, आणि तिचा माल्ट आल्डर लाकडाच्या धुरावर तयार होतो.

तुमच्या बाटलीत दोन वेगळ्या गोष्टी एकत्र आहेत, आणि पहिल्या घोटात त्यांची गल्लत होते. एक धूर, दुसरी भाजणी. काळा रंग धुरामुळे येत नाही, तो करपेपर्यंत भाजलेल्या माल्टमुळे येतो. १८१७ मध्ये डॅनियल व्हीलर नावाच्या इंग्रजाने माल्ट पिंपात फिरवत भाजण्याचं पेटंट घेतलं. तेव्हापासून पोर्टर म्हणजे बहुतांश फिका माल्ट आणि थोडासा काळा, असं गणित झालं. काळा माल्ट साधारण २२० अंशांच्या वर भाजतात, आणि एकूण धान्यात तो शेकडा ३ ते १० इतकाच पुरतो. कॉफी, कोको, करपलेल्या भाकरीचा पापुद्रा हे वास त्याचे. लाकूड, राख, खारवलेलं-धुरावलेलं मांस हे वास धुराचे. मांस म्हटल्यावर घरातलं कुणी शाकाहारी दचकलं तर लेबल दाखवा. घटकांच्या यादीत पाणी, माल्ट, हॉप्स (कडवटपणा देणारी फुलं), यीस्ट एवढंच असायला हवं. मांसासारखा वास येतो कारण मांसही त्याच लाकडाच्या धुरात टांगतात.

लेबल हातात आहे तर तीन शब्द शोधा. ‘बुखेनराउखमाल्झ’ म्हणजे बीचच्या धुरातला माल्ट. ‘मिंडेस्टन्स हाल्टबार बिस’च्या पुढची तारीख म्हणजे तोवर उत्तम. आणि ‘श्टामव्युर्झे’च्या पुढे १७ किंवा १८ टक्के असा आकडा दिसला तर तो अल्कोहोलचा नाही. आंबण्याआधी रसात साखर आणि इतर विद्राव्य किती होतं त्याचा तो आकडा. हा आकडा वाचून ‘सतरा टक्क्यांची बिअर आहे’ असं सांगणारे बरेच भेटतात. आपल्याकडे अन्नसुरक्षा नियमांत बिअरची वरची मर्यादाच ८ टक्के आहे. तुमच्या बाटलीचं अल्कोहोल ‘७,४’ असं स्वल्पविराम देऊन छापलेलं असेल, जर्मन लोक दशांशचिन्ह तसंच लिहितात.

पहिल्या बाटलीचं काय झालं ते आता एकेक पाहू.

दोन तास फ्रीझर म्हणजे बाहेर काढली तेव्हा बिअर शून्याच्या आसपास असणार. एवढ्या थंड द्रवातून वास वर येतच नाही, माल्टचा गोडवा जिभेला लागत नाही, आणि वायूची चुणचुण मात्र तीव्र होते. उरतं काय? भाजणीचा कडवटपणा आणि सगळ्यात दांडगा असलेला धूर. बिअर शॉपीतून आणलेली स्ट्राँग लागर (नेहमीची फिकी बिअर) ‘एकदम चिल्ड’ प्यायची ती बरोबरच आहे, कारण तिच्यात लपवण्यासारखं बरंच असतं आणि दाखवण्यासारखं थोडं. काळ्या पोर्टरचं उलट. आणखी अर्धा-पाऊण तास राहिली असती तर गोठली असती: ७ टक्क्यांची बिअर उणे ३ अंशांच्या आसपास गोठू लागते, आणि बर्फ फुगला की बाटली तडकते.

फेस गेला तो चटणीमुळे. फेस उभा राहतो माल्टमधल्या प्रथिनांवर आणि हॉप्समधल्या कडू द्रव्यांवर, आणि तेलाचा अंशही त्याला चालत नाही. सोलापुरी शेंगदाणा चटणी उखळात कुटतानाच तेल सोडते. ते बोटांना लागतं, ओठांना लागतं, तिथून मगच्या काठाला. काठावर ओठ टेकवल्या जागी फेसाला खिंडार पडलेलं दिसतं, तिथूनच तो बसायला लागतो. दुसरा संशयित म्हणजे भांडी घासायच्या साबणाचा थर.

गाळ म्हणजे यीस्ट. न गाळलेल्या बिअरमध्ये तो तळाशी बसतो. प्यायला अपाय नाही, पण चव पिठूळ-कडसर होते आणि काही जणांना दुसऱ्या दिवशी पोटात गुडगुड होते.

राहिलं ‘औषधासारखी’. हा शब्द आपण तीन निरनिराळ्या वासांसाठी वापरतो आणि तिघांचं मूळ वेगळं आहे.

पहिला लवंगेचा, दातदुखीच्या तेलासारखा. तो काही यीस्ट मुद्दाम तयार करतात. गव्हाच्या जर्मन बिअरमध्ये तो हवाच असतो. पोर्टरमध्ये ठळक असेल तर बाहेरचं जंगली यीस्ट शिरल्याची शक्यता. दुसरा डांबर, टिंक्चर आयोडीन असा. लाकडाऐवजी पीट, म्हणजे दलदलीतली कुजकट माती, जाळून माल्ट धुरावला की हा येतो. काही स्कॉच व्हिस्कींची ओळखच तो आहे. लेबलवर बीच लिहिलेलं असेल तर तो इतका यायला नको. तिसरा चिकटपट्टीचा, दवाखान्यातल्या ड्रेसिंगच्या खोलीचा. हा खरा दोष. पाण्यातलं किंवा भांडी धुतानाचं क्लोरीन आणि फिनॉल गटातली द्रव्यं एकत्र आली की क्लोरोफिनॉल बनतं आणि ते अब्जांशात मोजावं इतक्या थोड्या प्रमाणातही नाकाला कळतं.

ओळखायची साधी रीत: घातलेल्या धुराला नाक दहा मिनिटांत सरावतं. धूर मागे सरकतो आणि त्याच्या मागून काकवी, मनुका, कोको पुढे येतात. चिकटपट्टीचा वास सहसा सरावत नाही, बिअर कोमट होईल तसा जास्तच टोचतो आणि गिळल्यावर घशात चिकटून बसतो. तुमच्या सोबत्याने बर्फाळ बिअरचे दोन घोट घेऊन निकाल दिला असेल तर तो बाजूला ठेवा. पण दुसऱ्या बाटलीतही १२ अंशांवर, पंधरा मिनिटांनी, तोच वास तसाच असेल तर तो बरोबर होता.

एक शंका अशीही येईल: नळाच्या पाण्यातलं क्लोरीन पेल्याला लागून हा वास येईल का? पेला नुकताच विसळला असेल आणि पाण्याला ब्लीचिंगचा वास असेल तर नाकाला फसवण्याइतका येऊ शकतो. चार-पाच दिवसांनी पाणी सुटणाऱ्या भागात पहिल्या धारेला तो जाणवतो. म्हणून चाखायचे पेले साठवून ठेवलेल्या किंवा माठातल्या पाण्याने विसळा.

दोन आठवडे कपाटात राहिल्याने काय बिघडलं असेल? बिअरवाल्यांचा एक ठोकताळा आहे, ३-३०-३००: ३२ अंशांवर ३ दिवसांत बिअर जेवढी म्हातारी होते तेवढी व्हायला २२ अंशांवर ३० दिवस लागतात आणि ३ अंशांवर ३०० दिवस. आपल्याकडे मे महिन्यात बंद घरातलं कपाट सहज ३२ अंशांच्या वर असतं. हिशेब लावला तर तुमच्या बाटलीचं फ्रिजमधलं वर्षापेक्षा जास्त आयुष्य खर्ची पडलं. फिकी लागर असती तर तिला एव्हाना ओल्या पुठ्ठ्याचा वास आला असता. काळ्या आणि सात टक्क्यांच्या वरच्या बिअरला हे वय त्यामानाने पचतं. तिच्यात ते मनुका, खजूर, शेरी (मुरवलेली वाइन) असं उतरतं, फार झालं तर सोया सॉस. थोडं शेरीसारखं वाटलं तर घाबरू नका. सोया सॉसच पुढे आलं तर मात्र बाटली शिजली असं समजा.

पुण्याहून किंवा मुंबईहून बाटल्या आणणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. पुण्यापासूनच सोलापूर रस्त्याने चार-पाच तास, मध्ये इंदापूरला जेवायला थांबलात आणि गाडी उन्हात राहिली, तर डिकीतलं तापमान पन्नासच्या वर सहज जातं. थर्माकोलचा डबा, दोन गोठवलेल्या बर्फाच्या पिशव्या, बाटल्या उभ्या, मध्ये वर्तमानपत्र. सोबत बिल आणि परवाना. महाराष्ट्रात बिअर पिण्याला वयाची अट आहे, आणि परवाना बाटली बाळगण्यालाही लागतो.

आता दुसरी बाटली.

किमान २४ तास, जमलं तर दोन दिवस, फ्रिजमध्ये उभी राहू द्या. गाळ घट्ट बसतो आणि वायू द्रवात विरघळून राहतो. गरम बाटली पुरती गार न होताच उघडली की फसफसून निम्मी मोरीत जाते. एका दिवसाची सवड नसेल तर बादलीत अर्धं बर्फ, अर्धं पाणी, मूठभर मीठ घालून बाटली गळ्यापर्यंत बुडवा. पंधरा-वीस मिनिटांत काम होतं. पण गाळ हलतो, म्हणून हा दुसरा मार्ग.

माणसं चार बोलवा. पाचशे मिलीत ७.४ टक्क्यांनी ३७ मिली शुद्ध अल्कोहोल आहे. ४२.८ टक्क्यांच्या व्हिस्कीच्या ६० मिलीच्या लार्जमध्ये साधारण २६ मिली असतं. म्हणजे ही एक बाटली जवळपास दीड लार्जच्या बरोबरीची, एकट्याने उन्हाळ्यात रिकाम्या पोटी घेण्यासारखी नाही. चौघांत प्रत्येकी ११० मिली आले की ४४० मिली झाले. उरलेले ५०-६० मिली गाळासकट बाटलीतच राहायचे आहेत.

पेला तळाशी फुगीर आणि तोंडाशी निमुळता हवा. वाइनचा किंवा ब्रँडीचा ग्लास उत्तम. नसेल तर काचेचा छोटा, आत वळलेल्या काठाचा कुठलाही. मग नको, तोंड रुंद असल्यामुळे वास उडून जातो. स्टीलचा पेला नको, रंग दिसत नाही. चहाचा कट ग्लास जाड आणि उघड्या तोंडाचा, तोही नको. चमचाभर खाण्याचा सोडा कोमट पाण्यात घालून हाताने चोळा, भरपूर पाण्याने धुवा, पालथा घालून आपोआप वाळू द्या. फडक्याने पुसू नका, फडक्याला फोडणीचा वास असतो. बोअरच्या पाण्याचे पांढरे डाग काचेवर असतील तर आधी लिंबाच्या रसाने काढा. स्वच्छतेची परीक्षा: ओला पेला तिरपा धरला की पाण्याचा पडदा सलग सरकला पाहिजे. थेंब-थेंब तुटत असेल तर तेल आहे.

(जड पाण्याचा विषय निघालाच आहे तर: काळ्या बिअरचं आणि किटलीत पांढरा थर बसवणाऱ्या पाण्याचं जुनं नातं आहे. भाजलेला माल्ट आम्लधर्मी असतो, आणि डब्लिन, लंडन, म्युनिक इथल्या पाण्यातला बायकार्बोनेट त्याला सावरतो. या गावांत काळ्या बिअर चांगल्या होण्यामागे हे एक कारण होतं. चेक प्रजासत्ताकातल्या पिल्झेनचं पाणी अगदी हलकं, तिथे सोनेरी बिअर जमली.)

तापमान हा सगळ्या खेळाचा गाभा आहे. धुरावलेल्या पोर्टरची सुरुवात ८ अंशांवर करा आणि १५-१६ अंशांपर्यंत तिच्याबरोबर जा. परदेशी पुस्तकांत ‘खोलीच्या तापमानाला प्या’ असं काही काळ्या बिअरबद्दल लिहिलेलं असतं. ती खोली इंग्लंडातल्या तळघराची, १२-१३ अंशांची. सोलापुरातली मे महिन्याची खोली ३४ अंशांची, तिथे तो सल्ला पाळला तर बिअर काढ्यासारखी होते. स्वयंपाकाचा सुईवाला डिजिटल थर्मामीटर असेल तर काढा, नसेल तर घड्याळ पुरे. पंख्याखाली ३०-३२ अंशांच्या खोलीत फ्रिजमधून ४ अंशांची बाटली काढली की ८-१० मिनिटांत ती सातच्या आसपास येते. बंद बाटली बारा अंशांवर आणायला पंचवीस मिनिटं लागतात, पण तेवढं थांबू नका, कारण एवढ्या उन्हाळ्यात पेल्याची काच स्वतःच तापलेली असते. थोडी बिअर तापलेल्या पेल्यात ओतली की काचेची उष्णताच तिला ३-४ अंश वर नेते. म्हणून पेला ओतण्याआधी माठाच्या पाण्याने विसळून झटका. पेला फ्रीझरमध्ये ठेवू नका. काचेवर दव धरतं, ते बिअर पातळ करतं आणि पहिला वास मारून टाकतं. डिसेंबर-जानेवारीत रात्री हे सगळं सोपं आहे, तेव्हा पेला तसाच वापरा.

ओतण्याची युक्ती एकच: चारही पेले ओळीने लावा आणि बाटली एकदा आडवी केली की शेवटच्या पेल्यापर्यंत पुन्हा उभी करू नका. प्रत्येक वेळी बाटली उभी-आडवी केली की आत लाट येते आणि गाळ उठतो. पहिल्याच बाटलीत तो शेवटच्या ओतण्यात आला, त्याचं कारण हेच. पेला तिरपा धरून भिंतीवरून सोडा, निम्मा झाल्यावर सरळ करा म्हणजे दोन बोटं फेस येईल. बाटलीच्या गळ्याशी करडी रेघ दिसू लागली की थांबा. मागे मोबाईलचा टॉर्च धरला तर ती स्पष्ट दिसते. झाकण उघडताना नुसता फुस्स आवाज हवा. फेस उसळून थांबतच नसेल तर आत नको ते जिवाणू किंवा यीस्ट वाढल्याची शंका घ्या.

रंग लगेच पाहा. टॉर्च पेल्याच्या खालून लावला तर ‘काळी’ बिअर कडेला डाळिंबी किंवा गडद लाल दिसते. फेस पांढरा नसून तांबूस-तपकिरी हवा. आणि एक गैरसमज इथेच सोडून द्या: काळी म्हणजे कडक असं काही नाही. ड्राफ्ट गिनेस ४.२ टक्क्यांची आहे, आपल्या नेहमीच्या स्ट्राँगपेक्षा कितीतरी हलकी.

वास हा निम्म्याहून जास्त भाग आहे आणि तोच लोक गाळतात. ओतल्यावर अर्ध्या मिनिटाच्या आत पहिल्यांदा नाक न्या, कारण काही वास तेवढ्यात उडतात. लांब श्वास ओढू नका, दोन-तीन छोटे हुंगे पुरेत. मग पंधरा-वीस सेकंद थांबा. पेला तळहाताने झाकून गोल फिरवा, हात काढून पुन्हा हुंगा. नाक धुराने भरलं असं वाटलं की स्वतःच्या सदऱ्याच्या बाहीचा वास घ्या. कॉफीचे दाणे हुंगायची रीत इथे चुकीची, कारण बिअरमध्येच कॉफीचा वास शोधायचा आहे. खोलीत उदबत्ती, धूप, डासांची कॉइल नको, आणि त्याच वेळी स्वयंपाकघरात मिरचीची फोडणी तर नकोच.

मग घोट. १५-२० मिली, म्हणजे तीन-चार चमचे. तोंडात पाच सेकंद फिरवा, गिळा, आणि तोंड मिटून नाकाने श्वास बाहेर सोडा. धुराचा खरा पोत या परतीच्या श्वासात कळतो. थुंकू नका: बिअरचा कडवटपणा गिळल्यावर मागे किती रेंगाळतो ते पाहायचंच असतं. तीस सेकंद काही खाऊ-पिऊ नका, बोलूही नका. चांगल्या पोर्टरचा कडवटपणा पंधरा-वीस सेकंदांत विरतो आणि कोकोसारखी कोरडी चव मागे ठेवतो. राखेसारखी, जीभ खरखरीत करणारी चव अर्धं मिनिट उलटूनही बसून राहिली तर काळा माल्ट जास्त झाला, किंवा ब्रुअरीने तो फार वेळ गरम पाण्यात ठेवला.

हा क्रम तीनदा करा: ८ अंशांवर, दहा मिनिटांनी १२ वर, आणखी दहा-बारा मिनिटांनी १६ वर. दर वेळी कागदावर दोन ओळी. आठवर बहुतेकांना धूर, राख, थोडा खारटपणा भासेल. बारावर धूर बाजूला होऊन गूळ-काकवी आणि कोको येतील. सोळावर अल्कोहोलची ऊब, मनुका, कधी मुरलेल्या लाकडासारखं काही. दोष असेल तर तोही इथेच उघडा पडतो. चौघांनी आधी लिहावं आणि मग बोलावं. एकाने ‘जळकं’ म्हटलं की बाकी तिघांनाही जळकंच लागतं.

दोषांचे वास ओळखायला घरातलंच सामान पुरतं. ताकासारखी आंबट: लॅक्टिक जिवाणू. आंबट आणि नाकात चढणारी, व्हिनेगरसारखी: हवा आणि अ‍ॅसेटिक जिवाणू. काही काळ्या बिअर मुद्दाम आंबट करतात, पण तुमच्या लेबलवर तसं काही नाही. लोण्यासारखी, जीभ बुळबुळीत करणारी: डायअसेटिल हे द्रव्य, आंबणं पुरतं संपायच्या आत बिअर काढली. उकडलेल्या मक्यासारखी: डीएमएस नावाचं गंधकयुक्त द्रव्य. नाणं चाटल्यासारखी: लोखंड. उन्हात ठेवलेल्या हिरव्या बाटलीला जो कुबट-सडका वास येतो, तो तपकिरी बाटलीत क्वचितच सापडेल. यातला एखादा वास फिकट असला म्हणून बाटली फेकायची गरज नाही, आणि कुठलाही ठळक असला तर ‘क्राफ्ट आहे, असंच असतं’ असं स्वतःला समजावायचीही गरज नाही.

भाजणी आणि धूर वेगळे ओळखता येत नसतील तर आदल्या दिवशी एक छोटा सराव करा. किराण्याच्या दुकानातून पाव किलो जव आणा. तीन मुठी वेगवेगळ्या भाजा, जाड तव्यावर, मंद आचेवर, सतत हलवत: एक बिस्किटाच्या रंगावर, एक कॉफीच्या रंगावर, एक काळसर होऊन धूर सुटेपर्यंत. तिसऱ्या मुठीला खिडक्या उघडा. ज्वारी यासाठी घेऊ नका, तिच्या लाह्या फुटतात. प्रत्येकाचा एक चमचा कुटून १०० मिली उकळत्या पाण्यात पाच मिनिटं ठेवा, गाळा, गार करून हुंगा आणि चाखा. बिस्किटाच्या रंगाची वाटी गोडसर, कॉफीच्या रंगाची कोकोकडे झुकलेली, काळी कडू आणि किंचित आंबट लागेल. शेजारी काकवी, चार काळ्या मनुका, दोन लवंगा, चमचाभर ताक ठेवा. धुरासाठी कोळशावर भाजलेल्या वांग्याची साल चालेल. हुरड्याच्या आगटीचा धूर आपल्या नाकात पक्का बसलेला असतो, पण तो गोवऱ्यांचा. बीचचा धूर त्याहून गोड आणि कोरडा असतो, म्हणून ‘आगटीसारखा नाही’ एवढंच लिहिलंत तरी ती चांगली नोंद आहे.

खाणं चाखून झाल्यावर. आधी तोंडात फक्त साधं पाणी आणि कोरडी कडक भाकरी, तूप न लावता. चाखणं संपलं आणि पेल्यात अजून थोडी उरली की शेंगापोळी काढा. गूळ, भाजलेले दाणे आणि ही बिअर यांचं इतकं जमतं की दुसरं काही शोधायला नको. दाण्याची चिक्कीही चालते. कमी तिखटाचं भाजलेलं सुकं मटण चांगलं. तिखट रस्सा आणि लसणाची चटणी मात्र या बिअरसोबत नको: मिरचीतला दाहक भाग अल्कोहोलमध्ये विरघळून तोंडभर पसरतो, वायूची चुणचुण त्यात भर घालते, आणि मग कुठली पोर्टर नि कुठला धूर, सगळं सारखंच लागतं. चटणी सोडवत नसेल तर ती माईल्ड लागरसोबत खा.

गाळाचे उरलेले ५०-६० मिली वेगळ्या वाटीत ओतून एकदा जरूर हुंगा. ताज्या पावासारखा वास आला तर यीस्ट चांगल्या अवस्थेत होतं. रबर किंवा मटणाच्या शिळ्या रश्शासारखा आला तर कपाटातल्या उष्णतेने ते मेलं आणि फुटलं, आणि पेल्यात जाणवलेल्या सोया सॉसचा उगमही तोच असण्याची शक्यता आहे. त्यातली एकही बिअर पुन्हा झाकण लावून फ्रिजमध्ये ठेवू नका. दुसऱ्या दिवशी ती सपाट होते, आणि तो सपाटपणा पुन्हा बाटलीच्या नावावर जातो.